फ्रेंच स्वयंपाक मुळात घरचाच

१९६१ साली अमेरिकेत 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' हे जाडजूड पुस्तक निघालं. ज्युलिया चाइल्ड, सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या तिघी त्याच्या लेखिका. फ्रेंच स्वयंपाक म्हणजे अवघड, वेळखाऊ आणि खर्चिक, असा जो समज जगभर आहे तो या पुस्तकाच्या नुसत्या आकारानेही पक्का केला असेल. पण ते उघडून पहिली पाककृती वाचावी, तर ती निघते लीक आणि बटाट्याच्या सूपची. लीक ही कांद्याच्या पातीच्याच कुळातली, पण जाड दांड्याची आणि चवीला सौम्य भाजी. सारख्या वजनाचे बटाटे आणि लीक चिरायचे, मिठाच्या पाण्यात मऊ शिजवायचे, घोटायचे आणि उतरवताना थोडं क्रीम किंवा लोणी घालायचं. त्यात मसाला नाही, वाइन नाही, हाडांचा अर्क नाही. फ्रान्समध्ये हे सूप पार्मांतिए या औषधशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. अठराव्या शतकातल्या सात वर्षांच्या युद्धात प्रशियाच्या कैदेत असताना हा माणूस बटाट्यावर जगला, आणि सुटून आल्यावर फ्रेंचांनी बटाटा खावा म्हणून त्याने जन्मभर खटपट केली. फ्रेंच पाककलेच्या सर्वांत गाजलेल्या इंग्रजी पुस्तकाची सुरुवात अशा पदार्थाने व्हावी याला अर्थ आहे. 'क्लासिक फ्रेंच' म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांतले पुष्कळ पदार्थ काटकसरीच्या घरांत तयार झाले. स्वस्त जिनसांना वेळ आणि आच देऊन चव आणणं हीच त्यांची युक्ती आहे, आणि म्हणून ते घरीच उत्तम होतात. आपल्याला वाटणारी भीती एका गल्लतीतून आलेली आहे.

गल्लत अशी, की फ्रान्समध्ये स्वयंपाकाचे दोन प्रवाह शतकानुशतकं शेजारी शेजारी वाहत आले आणि जगाला त्यांतला एकच ठाऊक झाला. पहिला सरदार-राजांच्या मुदपाकखान्यातला. १६५१ साली ला वारेन या आचाऱ्याचं पुस्तक आलं. पुढे कारेम या आचाऱ्याने तालेराँसारख्या मुत्सद्द्याकडे आणि मग इंग्लंडच्या राजपुत्राकडे मेजवान्या रांधल्या. १९०३ साली ऑग्युस्त एस्कोफिएने 'ल गीद क्युलिनेर' या ग्रंथात पाच हजारांहून अधिक पाककृती सूत्रबद्ध केल्या. एस्कोफिए हा मोठ्या हॉटेलांचा माणूस. सॉस करणारा वेगळा, भाजणारा वेगळा, थंड पदार्थांचा वेगळा, अशी फौजेसारखी रचना त्याने स्वयंपाकघरात बसवली. आपल्याकडच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गांत जे मूळ सॉस पाठ करून घेतात ते याच परंपरेतले. दहा-वीस हात, रात्रंदिवस उकळणारे हाडांच्या अर्काचे हंडे आणि रोज शेकडो ताटं असं सगळं हाताशी असेल तरच तो स्वयंपाक परवडतो. एकट्या माणसाने संध्याकाळी चार जणांसाठी तो करायला घेतला तर दमछाक होणारच.

दुसरा प्रवाह घरांचा, आणि तोही कागदोपत्री तितकाच जुना आहे. १३९३ च्या आसपास पॅरिसमधल्या एका वयस्क गृहस्थाने आपल्या कोवळ्या वयाच्या बायकोसाठी संसाराचं एक पुस्तक लिहिलं. बागकाम आणि नोकरांच्या देखरेखीबरोबर त्यात रोजच्या रांधण्याचा मोठा भाग आहे. १७४६ साली मेनों या लेखकाने मध्यमवर्गीय घरांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांना समोर ठेवून 'ला क्युइझिनिएर बुर्झुआज' काढलं; दरबारी पाककृती सोप्या आणि स्वस्त करून दिलेलं ते पुस्तक पुढे अनेक दशकं पुन्हा पुन्हा छापलं गेलं. १९३२ साली गृहविज्ञान शिकवणाऱ्या जिनेत मातियो या तरुण शिक्षिकेने 'जे से क्युइझिने' लिहिलं. पिढ्यान् पिढ्या फ्रेंच घरांत नव्या संसाराबरोबर येणारं पुस्तक हेच. याच काळात एदुआर द पोमियान हा पाश्चर इन्स्टिट्यूटमधला शास्त्रज्ञ रेडिओवरून स्वयंपाकावर बोलत होता, आणि १९३० साली त्याने दहा मिनिटांत होणाऱ्या जेवणाचं आख्खं पुस्तक लिहिलं. फ्रेंच स्वयंपाकाला वेळ लागतोच असं मानणाऱ्यांनी ते जरूर चाळावं.

यावर कुणी म्हणेल, घरची चूल होती खरी, पण या पदार्थांना प्रतिष्ठा दिली ती रेस्टॉरंटांनीच. लिऑं शहराचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. तिथे श्रीमंत घरांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी नोकरी सुटल्यावर स्वतःच्या लहान खाणावळी काढल्या. गिऱ्हाईक त्यांना 'मेर', म्हणजे आई, म्हणून हाक मारायचं. युजेनी ब्राझिए ही त्यांच्यातली सर्वांत नावाजलेली. शेतावर वाढलेली, लहानपणीच आईवेगळी झालेली, घरकाम करत लिऑंला आलेली ही बाई. १९३३ साली तिच्या दोन्ही रेस्टॉरंटांना मिशलॅं गाइडने प्रत्येकी तीन तारे दिले. पुढे जगप्रसिद्ध झालेला पॉल बोक्युज तिच्याच हाताखाली उमेदवारी करून गेला. तेव्हा घरातली चव बाहेर गेली आणि तिला तारे मिळाले, असाही क्रम घडलेला आहे.

घरच्या फ्रेंच स्वयंपाकाची आणखी एक खूण म्हणजे तिथले लोक घरी काय करत नाहीत. 'बागेत' हा लांब पाव आणि क्रुआसाँ फ्रान्समधली घरं सहसा बनवत नाहीत. ते कोपऱ्यावरच्या बेकरीतून येतात, कारण त्यांना बेकरीची भट्टी आणि रोजचा सराव लागतो. बागेत करण्याच्या कौशल्याला २०२२ साली युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं तेही बेकऱ्यांचं कौशल्य म्हणून. आपल्याकडे मात्र फ्रेंच पदार्थ शिकायचे म्हटलं की उत्साही मंडळी थेट क्रुआसाँ आणि माकाराँकडे धाव घेतात, पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात लोण्याचे पापुद्रे लाटायला बसतात आणि वैतागून सोडून देतात. सुरुवात तिथून करायचीच नाही. फ्रेंच घरात मंगळवारी रात्री जे शिजतं त्यापासून करायची.

आणि त्यासाठी कांद्याच्या सूपइतका चांगला पदार्थ नाही. पॅरिसच्या मध्यभागी लेआल नावाची प्रचंड घाऊक मंडई होती. १९६९ मध्ये ती शहराबाहेर रुंजिसला हलवली गेली. त्याआधी लेआलमध्ये पहाटे माल उतरवणारे हमाल आणि रात्रभर जागून परतणारे शौकीन एकाच टपरीवर हे सूप प्यायचे. कांदा, शिळा पाव, थोडी चरबी, पाणी आणि वर चीज एवढंच त्याचं भांडवल. चार जणांसाठी एक किलो कांदा उभा आणि पातळ चिरायचा. जाड बुडाच्या रुंद पातेल्यात पन्नास ग्रॅम लोणी आणि चमचाभर तेल गरम करून कांदा घालायचा, मीठ भुरभुरायचं, झाकण ठेवायचं आणि आच मंद करायची. पंधरा मिनिटांत कांदा मान टाकतो आणि स्वतःच्या पाण्यात बुडतो. आता झाकण काढायचं. इथून पुढचा पाऊण तास सगळी चव घडवतो, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

या पाऊण तासात पातेल्यात काय होतं ते समजलं की घाई करावीशी वाटत नाही. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते आहे तोवर पातेल्यातलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि शंभर अंशांवर कांदा शिजतो पण तांबूस होत नाही. पाणी उडालं की आवाज बदलतो: खदखद थांबते, बारीक चुरचुर ऐकू येते, आणि बुडाला तपकिरी थर धरू लागतो. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली ही अभिक्रिया. लुई-कामिय माइआर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. भाजलेल्या पावाचा, कॉफीचा, खरपूस मटणाचा वास तिच्यातूनच येतो. कांदा-खोबरं भाजून वाटण करणाऱ्या मराठी हाताला ही पायरी नवी नाही. फरक इतकाच, की वाटणासाठी आपण मोठ्या आचेवर कडेने काळसर होईपर्यंत जातो आणि फ्रेंच बाई मंद आचेवर आतपर्यंत सारखा रंग आणते. बुडाचा थर करपायच्या आत चमचाभर पाणी टाकून लाकडी उलथन्याने खरवडायचा. तो सुटतो, कांद्याला रंग देतो, पाणी उडतं, पुन्हा थर धरतो. हे तीन-चारदा झालं की पातेलंभर कांद्याचा तळाशी दीड-दोन वाट्या मऊ, गर्द तपकिरी लगदा उरतो. लवकर रंग यावा म्हणून साखर घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. रंग येतो, पण चव एकसुरी गोड होते. सोड्याची चिमूट टाकली तर रंग झपाट्याने धरतो आणि कांद्याचा चिखल होतो. हे दोन्ही उपाय टाळलेले बरे.

पुढचं काम सोपं आहे. चमचाभर मैदा घालून मिनिट-दोन मिनिटं परतायचा, सव्वा लिटर कढत पाणी ओतायचं, थाइमची काडी असेल तर टाकायची आणि अर्धा तास मंद उकळू द्यायचं. फ्रेंच पाककृतींत तमालपत्र सांगितलेलं असतं ते वेगळ्या झाडाचं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं असल्यामुळे सूपला गरम मसाल्याचा वास येतो, तेव्हा ते न घातलेलं चांगलं. रेस्टॉरंटात पाण्याच्या जागी गोमांसाचा अर्क असतो. घरगुती पद्धतीत पाणीही चालत आलं आहे आणि कांदा नीट भाजला असेल तर ते पुरतं. त्यामुळे शाकाहारी घरात हे सूप निर्धास्त करता येतं. वाडग्यात सूप, त्यावर कडक भाजलेले शिळ्या पावाचे तुकडे, वर किसलेलं चीज, आणि वरून आच देऊन चीज वितळवायचं. मूळ ग्रुयेर किंवा कोंते चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, हे कडक शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावं. आपल्याकडे बनलेलं, पाकिटावर हिरवा ठिपका असलेलं पिकवलेलं चीज त्यांना चालेल.

आता मुख्य आक्षेप. मराठी जिभेला हे सगळं सपक लागेल, यात मिरची नाही, फोडणी नाही, मसाला नाही, असं म्हटलं जातं. फ्रेंचांना मसाल्यांची जाणच नव्हती, असंही त्यात गृहीत धरलेलं असतं. इतिहास वेगळं सांगतो. चौदाव्या शतकातल्या फ्रेंच पाकपुस्तकांत सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ, केशर आणि पिंपळीसुद्धा सढळ हाताने सांगितलेली आहे. मिरी आणि सुंठ मलबारच्या किनाऱ्यावरून अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत पोचायची आणि ती परवडणं हे श्रीमंतीचं लक्षण होतं. सतराव्या शतकात या स्वयंपाकाने मुद्दाम वळण बदललं. सागरी मार्ग खुले होऊन मसाले स्वस्त झाले आणि त्यांचा तोरा गेला, हे एक कारण इतिहासकार देतात. अन्न आणि आरोग्य यांविषयीच्या वैद्यकीय कल्पना बदलल्या हे दुसरं. ला वारेनच्या काळापासून भाजीची भाजीसारखी, माशाची माशासारखी चव राखायची, असा आग्रह वाढत गेला. जुन्या मसाल्यांच्या खुणा मात्र अजून आहेत. मांस आणि भाज्यांच्या पोतोफ नावाच्या उकडीत कांद्याला लवंगा टोचून टाकतात, पांढऱ्या सॉसमध्ये जायफळ किसतात. म्हणजे मसाला बाजूला ठेवणं ही त्यांची जाणूनबुजून केलेली निवड होती. मसाल्याची जागा भाजण्याने, आटवण्याने, व्हिनेगर-मोहरीच्या आंबट-तिखटाने आणि ताज्या पाल्याने भरून काढली गेली. वरच्या सूपमधला पाऊण तास कुणी वीस मिनिटांवर आणला तर ते खरोखरच सपक लागेल. दोष मग पदार्थाचा नसतो.

दुसरा आक्षेप लोणी, क्रीम आणि वाइनचा. हे पदार्थ सगळ्या फ्रान्सचे नाहीत. वेव्हर्ली रूट या अमेरिकन पत्रकाराने १९५८ च्या आपल्या पुस्तकात फ्रान्सची वाटणीच स्निग्ध पदार्थांवरून केली: उत्तर आणि पश्चिमेला लोणी, नैर्ऋत्येला बदक-हंसांची चरबी, भूमध्य किनाऱ्यालगत ऑलिव्हचं तेल. ज्याला लोणी वर्ज्य त्याने ऑलिव्ह तेलाच्या प्रॉव्हान्सकडे वळावं. वाइनविषयी मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. शिजवताना सगळा मद्यार्क उडून जातो असं बेधडक सांगतात, ते खरं नाही. दोन-अडीच तास शिजवल्यावरही त्याचा थोडा अंश उरतो. ज्यांना तो अजिबात नको त्यांनी वाइन वगळावी आणि शेवटी थोडं व्हिनेगर घालून आंबटपणा आणावा. द्राक्षाचा रस घालू नये, पदार्थ गोडमिट्ट होतो. ज्यांना चालतं त्यांना नाशिकची साधी कोरडी वाइन पुरेशी आहे, महागडी बाटली पातेल्यात ओतण्यात काही शहाणपण नाही.

तिसरा आक्षेप ओव्हनचा. इथेही जुनं फ्रान्स आपल्या मदतीला येतं, कारण तिथल्या गावांतल्या किती तरी घरांत ओव्हन नव्हता. आल्झासमध्ये बायका मांस, बटाटे आणि कांदे मातीच्या भांड्यात रचून, झाकणाला कणकेने लिंपून बेकरीवाल्याकडे देत. पाव निघाल्यावर उतरत्या भट्टीत ते भांडं दिवसभर राही, आणि तोवर इकडे कपडे धुऊन होत. बाकअफ नावाचा हा पदार्थ आजही प्रसिद्ध आहे. भांड्याचं तोंड कणकेने बंद करून मंद धगीवर ठेवण्याची ही कला जाड पातेलं आणि मंद गॅसवरही चालते. ग्राताँ दोफिनवा हा बटाट्याचा पदार्थ आल्प्सच्या पायथ्याच्या दोफिने प्रांतातला. त्याची पहिली नोंद जुलै १७८८ मध्ये गाप गावातल्या एका मेजवानीची सापडते. त्याला मात्र छोटा ओव्हन असेल तर बरं. एक किलो बटाटे तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्यांत कापायचे आणि कापल्यावर धुवायचे नाहीत, कारण त्यांच्या अंगचं पीठच दुधाला दाटपणा देतं. लसणाची कापलेली पाकळी भांड्याला आतून चोळायची. सायीचं दूध आणि क्रीम मिळून साधारण सहाशे मिलिलिटर, मीठ आणि जायफळ घालून चकत्यांवर ओतायचं. १५० ते १६० अंशांवर सव्वा तास, टोचलेली सुरी अलगद आत जाईपर्यंत ठेवायचं. नुसतं पातळ दूध घेतलं तर फाटण्याची भीती असते. साय किंवा क्रीमची चरबी ते सांभाळून घेते. घरची साय यात छान लागते. मूळ पद्धतीत चीज नाही, आणि ते घालू नये असंच माझं मत आहे. चीज आलं की बटाटा, दूध आणि लसूण यांची एकमेकांत मुरलेली हळुवार चव पार झाकून जाते.

शाकाहाराचा आक्षेप रातातुई एकटीच खोडून काढते. नीस शहराच्या या भाजीत वांगं, भोपळी मिरची, झुकिनी, टोमॅटो, कांदा, लसूण आणि ऑलिव्ह तेल. वांगं भारतीय उपखंडातून अरबांच्या हातून युरोपात गेलं. टोमॅटो, मिरची आणि झुकिनी अमेरिका खंडातून आल्या. म्हणजे आजच्या रूपातली रातातुई फार प्राचीन असूच शकत नाही, तरी तिच्यावरून नीसमध्ये कडाक्याचे वाद होतात. तिथले महापौर राहिलेले जाक मेदसँ यांनी १९७२ साली आपल्या प्रांताच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं, आणि प्रत्येक भाजी वेगळी परतायची यावर त्यांचा कटाक्ष होता. यामागे कारण आहे. वांगं तेल पितं, झुकिनी पाणी सोडते, मिरचीला वेळ लागतो, टोमॅटो आंबट रसाने बाकीच्यांना लवकर शिजू देत नाही. सगळं एकदम टाकलं तर वांगं विरघळतं आणि मिरची कच्ची राहते. वेगवेगळं परतून शेवटी वीस मिनिटं एकत्र मुरवलं तर प्रत्येक फोड ओळखू येते आणि तरी भाजी एकजीव होते. दुसऱ्या दिवशी, गार, ती जास्त चांगली लागते. नीसचाच सोका हा हरभऱ्याच्या पिठाचा पदार्थही मराठी घराला सोपा आहे: पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढंच कालवून काही तास मुरू द्यायचं, आणि कडकडीत तापलेल्या तव्यावर पातळ पसरून डाग पडेपर्यंत भाजायचं. वर भरपूर मिरपूड.

मांसाहारी पदार्थांत कॉक ओ व्हॅं, म्हणजे वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा, याची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. शेतकऱ्याच्या अंगणातला म्हातारा कोंबडा निरुपयोगी झाला की कापायचा. त्याचं मांस चिवट, म्हणून तासन् तास शिजवणं भाग. प्रांतोप्रांती हाताशी असेल ती वाइन वापरली गेली: बर्गंडीत तांबडी, आल्झासमध्ये पांढरी. चिवट मांसात कोलाजेन भरपूर असतं, आणि मंद, ओलसर उष्णतेत त्याचं हळूहळू जिलेटिन होतं. त्यामुळे रस्सा ओठांना चिकटेल असा दाट होतो. पाच-सहा आठवड्यांत वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबडीत हे घडायला काही शिल्लकच नसतं. ती अर्ध्या तासात शिजते आणि दोन तासांनी तिचा भुगा होतो. पॅरिसमधल्या सुपरमार्केटातही आज बहुधा कोवळी कोंबडीच मिळते. महाराष्ट्रात मात्र गावठी कोंबडा अजून मिळतो, आणि या पदार्थाच्या मूळ गरजेला तोच नेमका पुरा पडतो. मटण आवडणाऱ्यांनी नाव्हारँ करावं: मटणाचे तुकडे खरपूस परतून, चमचाभर मैदा लावून, टोमॅटो आणि पाण्यात मंद शिजवायचे, आणि शेवटच्या अर्ध्या तासात गाजर, सलगम, छोटे बटाटे आणि कोवळे मटार टाकायचे. फ्रान्समध्ये हा वसंतातला पदार्थ आहे. आपल्याकडे त्यातल्या भाज्या थंडीत चांगल्या मिळतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत करावा.

मग प्रेशर कुकर वापरला तर चालेल का? तो वापरणं म्हणजे पदार्थ बाटवणं असं अनेकांना वाटतं. त्यांनी लक्षात घ्यावं, की वाफ कोंडून शिजवण्याचं यंत्र बनवणारा देनी पापँ हा ब्लुआ गावचा फ्रेंच माणूसच होता. १६७९ साली लंडनमध्ये त्याने ते सिद्ध केलं. आणि १९५३ पासून सेब कंपनीचा कुकर फ्रेंच घराघरांत पोचला. कुकरमध्ये कोलाजेन लवकर विरघळतं. दोन गोष्टी मात्र त्याला जमत नाहीत: मांसाला खरपूस रंग आणणं आणि रस्सा आटवणं. पहिलं आधी उघड्या पातेल्यात करावं, दुसरं नंतर झाकण काढून. एवढं केलं तर निम्म्याहून जास्त वेळ वाचतो.

यातून बदल किती आणि कुठे करावा, या प्रश्नालाही उत्तर मिळतं. अस्सलपणाचे आग्रही लोक जिन्नस बदलला की नाक मुरडतात. दुसऱ्या टोकाचे लोक त्यात आलं-लसूण पेस्ट आणि गरम मसाला घालून नाव तेवढं फ्रेंच ठेवतात. माझ्या मते यांत कृतीला हात लावायचा नाही, आणि जिन्नस बदलायचा तर त्याचं काम ओळखून बदलायचा. सूपमधलं ग्रुयेर खारट-खमंग साय धरण्याचं काम करतं, ते दुसरं पिकवलेलं चीज करू शकतं. लीकच्या जागी कांद्याच्या पातीचा पांढरा भाग चालतो. पण रातातुईत ऑलिव्हचं तेल नुसतं परतण्यासाठी नसतं, तीच त्या भाजीची मुख्य चव असते. शेंगदाण्याच्या तेलात केलेली मिसळ भाजी चांगली होईल, पण रातातुई होणार नाही. तेल महाग वाटत असेल तर ती क्वचित करावी, पण नीट करावी.

आणि शेवटी वाढण्याचा प्रश्न, कारण निम्मी निराशा तिथे होते. आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर, आमटी, भाजी एकाच वेळी असतात आणि जेवणारा प्रत्येक घासाला चवी बदलत जातो. फ्रेंच घरात पदार्थ एकामागून एक येतात. २०१० साली युनेस्कोने वारसा म्हणून नोंदवलेल्या फ्रेंच भोजनाच्या वर्णनातही हा क्रम आवर्जून आहे. सणासुदीला टप्पे पुष्कळ असतात, रोजच्या दिवशी दोन किंवा तीन, पण एका वेळी समोर एकच मुख्य चव असते. आमटी आणि लोणच्याच्या शेजारी रातातुईची वाटी ठेवली तर ती हरणारच. तिला पाव आणि फार तर एक उकडलेलं अंडं एवढीच सोबत हवी. ग्राताँबरोबर कुरकुरीत लेट्युसचं सॅलड ठेवावं, त्यावर तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर आणि थोडी वाटलेली मोहरी फेटून घातलेली. ते आधी खाऊ नये, ग्राताँच्या बरोबर किंवा नंतर खावं, म्हणजे सायीचा जडपणा त्या आंबटाने उतरतो. कांद्याचं सूप केलं असेल त्या रात्री दुसरं काही रांधायची गरज नाही. पाव आणि चीज त्यातच आहे, वर फार तर एखादं फळ कापावं.